नवरा बॉर्डरवर आणि घरात पाळणा हलणार: फौजींच्या बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फौजीची बायको. सासर सातारा जिल्ह्यात कोरेगावकडं, माहेर फलटणकडं. आमची लेक झाली तेव्हा हे लडाखमध्ये वरती होते, नेमके कुठे ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि आताही लिहिणार नाही. ती ७१ दिवसांची झाल्यावर ह्यांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं. तेव्हापासून भावकीतल्या, गावातल्या, ह्यांच्या पलटणीतल्या नवीन वहिनी मला फोन करतात, कुणी रात्री अकराला रडत, कुणी सासूला ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. आमच्या जिल्ह्यात हे काही नवीन नाही. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, त्यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ गावात आहे, आणि मी तो बघते तेव्हा मला त्या ४६ घरांतल्या बायका आठवतात, त्यातल्या किती जणी तेव्हा पोटुशी असतील.

डिलिव्हरीच्या तारखेला हे घरी येतील का?

हा पहिला प्रश्न असतो आणि याचं खरं उत्तर कुणीच तोंडावर देत नाही, म्हणून मी देते. येतीलही, नाहीही, आणि तयारी मात्र "नाही" धरूनच करायची.

जवानाला वर्षाला ६० दिवस अॅन्युअल लीव्ह आणि ३० दिवस सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह, असते. कागदावर तीन महिने दिसतात. पण सगळ्यांनाच दिवाळी, लग्नं, बाळंतपणं, शेतीची कामं असतात, आणि पोस्टवर ठरलेली माणसं हवीच, म्हणून युनिटचा लीव्ह प्लॅन असतो आणि त्यात बसेल तेव्हाच सुट्टी. त्यात लडाखसारखी जागा असेल तर येणं-जाणंच मोठं. हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद झाले की विमानच, आणि हवा खराब असली की विमानही नाही, माणूस ट्रान्झिट कॅम्पात बसून राहतो. परत जाताना तर थेट वर चढताच येत नाही, आधी अॅक्लमटायझेशन, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय लावणं. पहिल्यांदा वर जाताना ते ९,००० फुटांच्या पुढे सुरू होतं, सहा दिवस, मग चार, मग अजून चार, असं टप्प्याटप्प्यानं चौदा दिवसांचं असतं, आणि सुट्टीवरून परत गेलं तरी थोडं करावंच लागतं. म्हणजे "चार दिवस येऊन बाळाला बघून जा ना" हे आपण म्हणतो तितकं सोपं नसतं हो, साहेब लोक दुष्ट आहेत म्हणून होत नाही असं नाही.

दुसरी बाजू बाळाची. डॉक्टरांनी लिहिलेली तारीख हा अंदाज असतो, दोन आठवडे मागंपुढं चालतं. ह्यांनी बरोबर तारीख धरून सुट्टी घेतली आणि बाळ बारा दिवस उशिरा आलं तर अर्धी सुट्टी वाट बघण्यात जाते, असं माझ्या जावेचं झालंय.

करायचं काय, तर पाचव्या महिन्यातच सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं लिहून घेतलेलं पत्र ह्यांच्याकडं पाठवायचं, ते त्यांनी कंपनी कमांडर साहेबांना आणि सिनियर जेसीओंना (सुभेदार साहेब वगैरे) वेळेत दाखवायचं. शेवटच्या महिन्यात धावपळ करून मागितलेली सुट्टी अवघड जाते. आणि एकच सुट्टी मिळणार असेल तर माझं मत विचाराल तर सव्वा महिन्यानंतरची घ्या. डिलिव्हरीच्या दिवशी आई असते, सासू असते, नर्स असते. दोन महिन्यांनी सगळे दमून आपापल्या कामाला लागलेले असतात आणि तेव्हा रात्री तीन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन फिरायला दुसरा माणूस लागतो.

मग देवाला काय मागू? "ह्यांना डिलिव्हरीला घरी आण" असा नवस केला तर चालेल?

मी केला होता. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. सातव्या महिन्यात मनातल्या मनात बोलले होते की हे तारखेला घरी आले तर जागरण गोंधळ घालीन, तळी भरीन. हे आले नाहीत. फोन आला की वेदर खराब आहे, हेलिकॉप्टर उडत नाही. मला देवाचा इतका राग आला की तीन दिवस मी देव्हाऱ्याकडं बघितलं नाही, तोंडानं कुणाला काही बोलले नाही.

आत्यांना (माझ्या सासूबाई) कळलंच. त्यांनी मला समजावलं वगैरे नाही. त्या भाकरी थापत होत्या, थापता थापताच म्हणाल्या, "अगं तुझा नवरा तिथं आहे म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बायकोच्या डिलिव्हरीला घरी गेलाय." एवढंच. मी त्यावर दोन दिवस विचार करत होते. माझा देव आणि त्या दुसऱ्या बाईचा देव एकच आहे ना, मग मी तारीख मागितली तर तिची तारीख काढून मला द्यायची का?

तेव्हापासून मी तारीख मागायची बंद केली. काय मागते ते सांगते, "आज वर ऊन पडू दे, ह्यांचे पाय कोरडे राहू देत, माझी बीपी नॉर्मल येऊ दे." रोजच्या रोज लहान लहान. आणि त्यातलं पुष्कळ मिळतं. नवस करायचाच असेल तर तब्येतीचा करा, सुखरूप बाळंत होण्याचा करा, आणि फेडायला झेपेल असा करा. कर्ज काढून जत्रेत जेवणावळी घालायचा नवस कुठल्याच देवानं मागितलेला नाही.

डिलिव्हरी कुठं करायची, मिलिटरी हॉस्पिटलात की माहेरी?

आपल्याला मिलिटरी हॉस्पिटलात मोफत सोय असते. पुण्यात खडकीला आणि वानवडीला, मुंबईत नेव्हीचं अश्विनी, नाशिककडं देवळाली, विदर्भात कामठी, आमच्या बाजूला बेळगाव. तिथं जायचं तर डिपेंडंट कार्ड लागतं, ते आधी करून ठेवा.

पण साताऱ्याहून पुणं एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, मधे खंबाटकी घाट, आणि कळा काही ट्रॅफिक बघून येत नाहीत. माझ्या मैत्रिणीनं शेवटचा महिना पुण्यात नणंदेकडं राहून एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलात) डिलिव्हरी केली, छान झाली. मी माहेरी केली कारण आई तिथं आणि तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल दहा मिनिटांवर. सरकारी हॉस्पिटलात डिलिव्हरी आणि सिझर दोन्ही मोफत असतं, जायला-यायला गाडी पण मिळते, हे खूप जणींना माहीतच नसतं. दोन्ही ठिकाणी नाव घालून ठेवा. सगळ्या तपासण्यांची फाईल एकच ठेवा आणि तिचे फोटो काढून ह्यांना, भावाला, सासऱ्यांना पाठवून ठेवा.

रात्री गाडी कोण काढणार हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा. "कुणीतरी येईल" असं नको. माझ्या वेळी माझा चुलत भाऊ ठरला होता, त्यानं महिनाभर गाडीत डिझेल अर्ध्याच्या खाली येऊ दिलं नाही. शिवाय १०८ आहेच.

आणि हे वाट न बघता दवाखाना गाठायचं: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यापुढं अंधारी किंवा ठिपके, अचानक हाता-तोंडावर सूज, ताप, बाळाचं फिरणं कमी झाल्यासारखं वाटणं. "ह्यांचा फोन येऊ दे मग बघू" असं म्हणून थांबलेली बाई मला माहितीये. असं करू नका. फोन दोन दिवस येणार नाही.

कागदपत्रं कोणती? मला हे काही कळत नाही.

कळून घ्यावं लागतं वहिनी, कारण ह्यांना तिथून काही करता येत नाही आणि इथं प्रत्येक खिडकीवर "मिस्टरांना पाठवा" म्हणतात.

लग्न झाल्यावर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघालीय का ते आधी विचारा. ती निघाली की तुमचं नाव ह्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पडतं, आणि पुढचं सगळं, कार्ड, दवाखाना, बाळाचं नाव, त्यावर. कितीतरी घरांत लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी ती निघालेली नसते. बाळ झाल्यावर त्याचीही पार्ट टू ऑर्डर निघते, त्याला जन्माचा दाखला लागतो.

आता नावाचं. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, बँकेत तिसरंच. हे गरोदरपणातच एकसारखं करून घ्या. माझ्या लेकीच्या दाखल्यावर दवाखान्यातल्या नोंदीवरून ह्यांच्या नावाचं एक अक्षर चुकलं, एका वेलांटीचा फरक, आणि ते दुरुस्त करायला मी ओल्या बाळंतपणात माझ्या भावाला चार चकरा मारायला लावल्या. म्हणून डिस्चार्जच्या आधी लिहिलेलं नाव स्वतः वाचा, मराठीतलं पण आणि इंग्रजी स्पेलिंग पण, ह्यांच्या आयकार्डाशी पडताळून. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव मागून घालता येतं, त्यामुळं "हे आल्यावर नाव ठरवू" म्हणून नोंदच थांबवू नका.

अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं बरेचदा स्वतः फौजेतून रिटायर झालेले लोक असतात, दोन शब्दांत समजतं त्यांना.

फोनवर काय बोलायचं? हे चार दिवसांनी दोन मिनिटं मिळतात आणि मी नुसती रडते.

रडा. पण आधी एक वाक्य सांगून टाका, "मी ठीक आहे, बाळ ठीक आहे," आणि मग रडा, नाहीतर लाईन तुटली तर तो माणूस पुढचे चार दिवस काय समजायचं ते समजत बसतो. आमचं असं एकदा झालंय. मी हुंदके देत होते कारण आत्यांशी वांग्याच्या भाजीवरून कुरबुर झाली होती, लाईन कट झाली, आणि हे तीन रात्री झोपले नाहीत.

मी एक वही केली होती, दिवसाला एक ओळ. "आज आंबट कैरी मागितली, भर पावसाळ्यात कुठली कैरी." "आज पहिल्यांदा लाथ मारली, मी ज्वारी निवडत होते." फोन आला की वही उघडून भराभर वाचायची. विसरून जातो हो आपण आनंदाचं, आणि भांडणं तेवढी लक्षात राहतात.

अजून एक केलं. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले ते त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड केले, चौदा सेकंद, घोडा पळतोय असा आवाज. ह्यांना पाठवले. ते नेटवर्कात आल्यावर नऊ दिवसांनी पोचले, आणि मग म्हणे त्या बंकरमध्ये सहा-सात जणांनी मोबाईल कानाला लावून लावून ऐकले, त्यातल्या दोघांची बाळं ह्याच वर्षात झालेली.

लोकेशन विचारू नका, "कुठे निघालात, किती जण आहात" असलं काही फोनवर नको. बाळाचा फोटो स्टेटसला टाकताना युनिटचं नाव, जागा, ह्यांचा वर्दीतला फोटो त्याबरोबर नको. पत्र लिहा. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ, म्हणजे फौजेचे टपालाचे पत्ते, अजून चालू आहेत, पत्र उशिरा जातं पण ते खिशात राहतं. आत्यांच्या सासूबाई सांगायच्या, माझे सासरे १९६५ च्या सप्टेंबरात जन्मले तेव्हा त्यांचे वडील लढाईवर होते, घरात बाळ आणि बातम्या फक्त पंचायतीच्या रेडिओवर. बाळ झाल्याची तार केली तर तिकडून उत्तराची तार आली, आणि पोस्टमन दिसताच अख्खी आळी रडायला लागली, कारण त्या काळी फौजीच्या घरी तार म्हणजे एकच अर्थ. आत लिहिलं होतं की खुशाल आहे, बाळाला आशीर्वाद. ती तार आजीनं मरेपर्यंत ट्रंकेत जपली होती.

बायको गरोदर असताना नवऱ्यानं केस-दाढी करायची नाही, प्रेताला खांदा द्यायचा नाही असं आमच्याकडं पाळतात. फौजेत हे कसं पाळायचं?

नाही पाळता येत. फौजेत रोज शेव्ह करावीच लागते, केस बारीकच. आणि खांद्याचं म्हणाल तर, साथीदार गेला तर त्याला खांदा द्यायचा नाही असं कोणता जवान म्हणेल? कोणता देव म्हणेल? माझ्या मामांनी (सासऱ्यांनी) हा विषय एका वाक्यात मिटवला होता, की ड्युटी हाच त्याचा नेम. घरात कुणी फार आग्रह केला तर तो नेम दुसऱ्या मार्गानं पाळा, म्हणजे ह्यांनी तिथं रोज कुलदेवतेचं नाव घ्यायचं, एवढं कुठल्याही पोस्टवर होतं.

ग्रहणात काय करू?

पाणी प्या, जेवा, गोळ्या वेळेवर घ्या. ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही, डॉक्टरबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं. घरच्या मोठ्यांचं मन राखायला आत बसून नामस्मरण केलंत तर उत्तमच, पण उपाशी नको, आणि कुणी आडवं पडू देत नसेल, ताटकळत बसवत असेल तर मला फोन द्या त्यांचा.

डोहाळजेवण नवऱ्याशिवाय करायचं का? मला तर नकोच वाटतंय.

मला पण नको होतं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, झोपाळा, आणि शेजारची जागा मोकळी. पण माझ्या वन्संनी ऐकलं नाही. पूजेला दीर-जावेला बसवलं. ओटी भरताना आत्यांनी आधी ह्यांच्या फौजी ट्रंकेवर हळदकुंकू वाहिलं, जी ह्यांनी मागच्या सुट्टीत घरी ठेवलेली, काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि मग माझी ओटी भरली. तेव्हा सगळ्या बायका गप्प झाल्या. मग एका म्हातारीनं जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या आणि अर्ध्या तासानं आम्ही सगळ्या हसत होतो.

करा. जेवण साधं करा हवं तर. त्या दिवशी तुमच्याभोवती ज्या बायका बसतात ना, त्याच पुढं रात्री-अपरात्री धावून येतात.

सगळे म्हणतात देवीला मुलगाच माग, फौजीच्या घरात मुलगा हवा.

यावर मी जास्त बोलणार नाही. मुलगा की मुलगी हे तपासणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि देवीकडं जाऊन "मुलगी नको" म्हणायचं, म्हणजे ती स्वतः कोण आहे? आता बायका अधिकारी आहेत, अग्निवीर म्हणून मुली भरती होतायत. आमच्याकडं लेक झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं मुलीला बर्फी वाटतात, पेढे मुलाला. मामा उठले, चपला घातल्या आणि पाच किलो पेढे घेऊन आले.

रात्री झोप लागत नाही, सारखं वाईट मनात येतं. श्रद्धा कमी पडतेय का माझी?

नाही. भीती वाटणं आणि श्रद्धा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना सुट्टीवर आलेली पोरं बोलावणं येताच बॅग भरून निघाली, अंगाची हळद न उतरलेली सुद्धा निघाली, आणि त्या चार-पाच दिवसांत आमच्या भागात कुठल्याच फौजीच्या घरात कुणी झोपलं नसेल, देव देव करणारी आत्यांसारखी बाईसुद्धा नाही.

टीव्ही बंद ठेवा. हे खरंच करा. चॅनेलवर जे ओरडतात त्यातलं काहीही तुम्हाला ह्यांच्याबद्दल सांगत नाही, खरं काही असेल तर ते युनिटकडून येतं. संध्याकाळी दिवा लावायची वेळ ठरवून घ्या. आम्ही दोघांनी साडेसात ठरवली होती, मी इथं दिवा लावायची, हे तिथं जमेल तिथून हात जोडायचे. रोज जमलं असेल असं नाही, पण मला साडेसातला माहीत असायचं की आत्ता कदाचित. तेवढ्यावर पुढचे तीन-चार तास निघायचे.

पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, बाळ झाल्यावर बाळाकडं बघावंसं वाटत नाही, असं असेल तर ते नुसत्या पोथीनं बरं होत नाही. डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि फौजेच्या घरांसाठी पुण्यात एएफएमसीला (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्यांचा वेगळा कक्ष पण आहे. अंगारा लावायचा तर लावा, आणि फोनही करा.

माझा गर्भ राहिला नाही. हे आठ दिवसांपूर्वीच ड्युटीवर गेलेत. देवाचं नाव पण घ्यावंसं वाटत नाही.

ताई, माझं पण झालंय. लेकीच्या आधी, तिसरा महिना लागता लागता. हे झेलम एक्सप्रेसनं निघून गेले होते, जम्मूला पोचले तेवढंच कळलेलं. मी ह्यांना पाच दिवस सांगितलं नाही. ते चुकलं माझं. त्यांचंही होतं ना ते बाळ, त्यांनाही रडायला हवं होतं आणि मी त्यांचे पाच दिवस काढून घेतले. सांगा त्यांना. बोलता येत नसेल तर भावाला सांगायला लावा, युनिटमध्ये सुभेदार साहेबांना कळवा, ते जवळ बसून सांगतात.

मी सव्वा महिना दिवा लावला नाही. आत्या रोज माझ्या जागेवर बसून लावायच्या, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एक दिवस त्यांना ताप होता तर मीच उठून लावला. देव थांबतो तेवढं. आणि तुमच्या हातून काही चुकलं म्हणून झालं, जिना चढलात, पपई खाल्लीत, कुणाची नजर लागली, असं कुणीही म्हणालं तर ते कानात घेऊ नका.

बाळ झाल्यावर सोयर, पाचवी, बारसं, बापाशिवाय कसं?

ह्यांना बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, रेडिओ सेटवरून, "मुलगी झाली, दोघी ठीक" एवढीच. पोस्टवर पेढे कुठले, पण कुणीतरी केरोसीनच्या स्टोव्हवर शिरा केला. सोयर होतं म्हणून ह्यांनी त्या दिवसांत देवाच्या कोनाड्यातली घंटा वाजवली नाही, बाहेरून हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. ज्याला पाळायचंय त्यानं असं पाळावं, ड्युटी न अडता.

पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवतात, ती रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते. आत्यांनी ह्यांचं शर्टाच्या खिशातलं जुनं पेन ठेवलं. बारसं बाराव्या दिवशीच केलं, थांबलो नाही. नाव ह्यांनी आधीच पत्रातून कळवलं होतं, पाकीट वन्संकडं बंद होतं, कानात कुर्र करायच्या वेळीच त्यांनी उघडलं. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, कुलाचाराला धक्का लागत नाही, पण बाळंतिणीचे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, शेक, बाळाच्या जन्मानंतरच्या आणि दीड महिन्याच्या लशी हे कुणासाठी थांबवू नका.

आम्ही हिंदू नाही, आम्ही काय करायचं?

तुमचं तुम्ही करायचं, आणि फौजेइतकी याची सवय दुसरीकडं कुठं नसेल. युनिटमध्ये सर्व धर्म स्थळ असतं, एकाच छताखाली, आणि धर्मगुरू पण पलटणीचेच असतात, पंडितजी, मौलवी, ग्रंथी, पाद्री, बौद्ध भंते, ज्या पलटणीत जे लोक तसे. सियाचीनला वर जाणारा जवान कुठल्याही धर्माचा असो, ओपी बाबाला (तिथं देव मानलेला एक जवान, त्याचं देऊळ आहे) रिपोर्ट करून जातो आणि उतरल्यावर परत रिपोर्ट करतो. माझी एक मैत्रीण बौद्ध आहे, मिस्टर महार रेजिमेंटचे, तिनं नवव्या महिन्यात घरी परित्राण पाठ ठेवला होता, पाण्याचा कलश आणि पांढरा दोरा, आणि मिस्टरांना व्हिडिओ कॉल लागला नाही म्हणून त्यांच्या फोटोलाही तो दोरा बांधला. कोल्हापूरकडची एक भाभी, तिच्या मुलाच्या कानात अजान तिच्या सासऱ्यांनी दिली, ते स्वतः रिटायर्ड हवालदार, आणि अकीका (बाळाच्या नावानं करायची कुर्बानी) मिस्टर सुट्टीला आल्यावर केला.

हे घरी आले आणि बाळ ह्यांच्याकडं जातच नाही.

जात नाही. आमची ह्यांची मिशी बघून किंचाळली. मी महिनाभर ह्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग तिच्या पाळण्याशी लावत होते, तरी. हे काही बोलले नाहीत, पण अंगणात जाऊन उभे राहिले. नऊ दिवस लागले. ह्यांनी घाई केली नाही, रोज मालीश करताना शेजारी बसायचे, मग तेलाची वाटी धरायचे, मग पाय चोळायला लागले. दहाव्या दिवशी ती ह्यांच्या मांडीवर झोपली आणि हे पाय सुन्न होईपर्यंत हलले नाहीत. सुट्टी संपून गेल्यावर ती परत विसरेल ही भीती असतेच, आणि विसरतेही थोडी. पुढच्या वेळी नऊचे चार दिवस होतात.

घरात गरोदर बाई असेल तर गणपतीचं विसर्जन करत नाहीत म्हणतात, मग मूर्तीचं काय?

आमच्याकडंही करत नाहीत. काही घरांत ती मूर्ती पुढच्या वर्षीच्या गणपतीबरोबर पोचवतात, काही ठिकाणी बाळंतिणीचा सव्वा महिना झाला की. आम्ही गौरी-गणपती झाल्यावर मूर्ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली, रोज दुर्वा आणि गूळखोबरं. सव्वा महिना झाला तेव्हा दीर म्हणाले आता पोचवून येतो, तर मामा म्हणाले राहू दे, तो येईल. मग मूर्ती तशीच राहिली, संक्रांत गेली, सोंडेवर बारीक धूळ बसायची ती मी रोज मऊ फडक्यानं पुसायचे.

हे आल्यावर अकराव्या दिवशी आम्ही कृष्णेवर गेलो. फेब्रुवारीत नदीला काठाशी पाणी गुडघ्याएवढं, आणि घाटावर कुणीच नव्हतं, ढोल नाही ताशा नाही. ह्यांनी पँट दुमडली, मूर्ती डोक्यावर घेतली, आणि मी लेकीला टोपडं घालून काठावर उभी होते. हे पाण्यात चालत गेले, कमरेएवढं लागेपर्यंत. परत आले तेव्हा हातात पाटावर नदीतली चिमूटभर वाळू होती, तशी आणायचीच असते, आणि ती पोर वाकून वाकून त्या पाटाकडं बघत होती.